शिकाऊ सळई

केतकी म्हैसाळकर चालते तेव्हा घरभर आवाज होतो, ही तिच्या सासूबाईंची जुनी तक्रार होती. बाकीच्या तक्रारी आल्या आणि गेल्या. भाजीत मीठ कमी, देवाला फुलं कमी, मुलाला फोन कमी. ही मात्र टिकली. "आली बघा आमची पलटण," हेमलताबाई हॉलमधल्या खुर्चीतून म्हणायच्या, आणि समोर बसलेल्या शेजारणीला वाटायचं की खरंच चार-पाच माणसं येताहेत. मग आतून एकटी केतकी चहाचा ट्रे घेऊन यायची.

पायांवरून बोलणी खायची सुरुवात तर लग्नाच्या दिवशीच झाली होती. माप ओलांडताना केतकीचा डावा पाय आधी उचलला गेला, आणि हेमलताबाईंनी तिला उंबऱ्यावरच अडवलं. "उजवा, उजवा! या घरात उजवा पाय आधी येतो." सांगलीच्या त्या सगळ्या वऱ्हाडात हशा पिकला. केतकीनं पाय बदलला, पण चूक तिची नव्हती, सवयीची होती. उजव्या पायात दोर धरायचा तर दोराशी जाताना पाऊल डावं टाकावं लागतं, म्हणजे उजवा मोकळा राहतो, आणि केतकी सहाव्या वर्षापासून दोरावर चढत होती.

दोरीचा मल्लखांब ज्यांनी पाहिला नसेल त्यांना सांगायला हवं. छतापासून एक सुती दोर लोंबत असतो. त्याला गाठ कुठेही मारायची नाही. पायाचा अंगठा आणि शेजारचं बोट यांच्यामध्ये तो पकडायचा, त्या पकडीवर वर जायचं, उलटं व्हायचं, हात सोडायचे आणि वर पुन्हा हसायचं. सगळा देह त्या दोन बोटांच्या भरवशावर असतो. केतकीची ती पकड एकेकाळी जिल्ह्यात नावाजलेली होती. वर गेली की ती कुणाची मुलगी नसायची, कुणाची सून नसायची. खालची माणसं लहान दिसायची आणि श्वास मोठा व्हायचा.

पस्तिशीत तिचा उजवा अंगठा वाकायला लागला. तिच्या आईचा वाकला होता, आजीचाही. अंगठ्याच्या बुडाशी हाड बाहेर आलं, अंगठा शेजारच्या बोटाखाली शिरला, आणि ज्या फटीत दोर बसायचा ती फटच बुजली. डाव्याचंही तेच सुरू झालं, फक्त जरा सावकाश. अंगठ्यावर भार दिला की कळ मस्तकात जायची, म्हणून ती टाच आणि तळवा एकदमच जमिनीवर टाकून चालायला लागली. पलटणीचा आवाज वाढला तो तेव्हापासून. दोर सुटला. तिनं व्यायामशाळेत शिकवणं चालू ठेवलं, पण गादीवर उभी राहून, नुसत्या तोंडानं. इतकी वर्षं ती मुलींना "अंगठा आत दाब, आत" सांगत होती आणि स्वतः दोराला हात लावायचं टाळत होती. हात लावला की रडू यायचं, हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं.

म्हणून मिरजेच्या एका हॉस्पिटलात नव्या तऱ्हेची शस्त्रक्रिया होते असं ऐकल्यावर ती दुसऱ्याच दिवशी तिथे जाऊन बसली.

डॉ. तहसीन मुजावर साठीच्या जवळपास होत्या, मिरजेच्याच, आणि बोलायला मोकळ्या. त्यांनी केतकीचा पाय मांडीवर घेतला आणि आधी नुसताच पाहिला.

"जुनी शस्त्रक्रिया म्हणजे सुतारकाम होतं," त्या म्हणाल्या. "वाकडं हाड कापायचं, सरळ बसवायचं, दोन स्क्रू मारायचे. बहुतेकांना बरं वाटायचं. पण काहींचा अंगठा काही वर्षांत पुन्हा वाकायचा, काहींचा सांधा ताठ व्हायचा. हाड सरळ केलं तरी माणसाची चाल तीच राहायची ना. ती पुन्हा हाडाला ओढायची."

मग त्यांनी एका काचेच्या नळीतली फिकट, काडीएवढी वस्तू दाखवली. हॉस्पिटलात सगळे तिला शिकाऊ सळई म्हणत. लायसन्स आधी शिकाऊ मिळतं, तशी.

"हाडाचा एक स्वभाव असतो, ताई. जिथे भार येतो तिथे ते भरतं, जिथे येत नाही तिथे झिजतं. टेनिस खेळणाऱ्याच्या खेळत्या हाताचं हाड दुसऱ्यापेक्षा जाड असतं, ते त्यामुळेच. ही सळई त्याच स्वभावाला घाई करते. आत घालतो तेव्हा ती मऊ असते. पाय टाकलात की भार कुठून कुठे गेला ते तिला कळतं, आणि त्या रेषेवर ती हाडाच्या पेशी बोलावून घेते. सांध्याचे बंधही तसेच विणले जातात. सहाएक आठवडे ती अशी शिकत राहते. मग घट्ट होते आणि सळई म्हणून उरतच नाही. तुमचं हाड होते."

"म्हणजे तेवढ्या दिवसांत मी जे करीन ते पाय कायमचं शिकेल?"

"जे कराल ते. जे करायचं ठरवाल ते नाही." डॉक्टर हसल्या. "एका नवरीनं लग्नाच्या धामधुमीत ते सगळे आठवडे उंच टाचेच्या चपला घातल्या. आता तिला सपाट चप्पल चालत नाही. एक निवृत्त मुख्याध्यापक आरामखुर्चीतून उठलेच नाहीत. त्यांचा पाय समोरच्या स्टुलावर अगदी शोभून दिसतो."

केतकीही हसली. "मी रोज एक तास दोर धरीन. मन लावून."

"आणि उरलेला दिवस?"

"तो काय सराव थोडाच असतो?"

हे तिनं अगदी भाबडेपणानं म्हटलं. व्यायामशाळेत ती हेच शिकत आली होती. दोराला हात लावून नमस्कार करायचा, की सराव सुरू. पुन्हा नमस्कार केला, की संपला. त्या दोन नमस्कारांमध्ये अंग जे करतं तेवढंच अंगी मुरतं, बाकीचा दिवस आपला असाच. मन लावून केलेल्या तासापुढे मन न लावलेल्या दिवसाची काय मातब्बरी, असं तिला मनापासून वाटत होतं. दोरावर वाढलेल्या कुठल्याही मुलीला हेच वाटलं असतं.

"सळईला नमस्कार कळत नाही हं," डॉक्टर म्हणाल्या. पण केतकीचं लक्ष तोवर त्या नळीकडे लागलं होतं.

शस्त्रक्रिया आधी उजव्याच पायाची, सकाळी झाली आणि दुसऱ्या दिवशी ती चालत घरी आली. अंगठा सरळ होता. बोटांमध्ये फट होती. ती पुन्हा पुन्हा तिथे बोट घालून पाहत होती आणि हेमलताबाई चष्म्यावरून तिच्याकडे बघत होत्या.

"या वयात परत माकडासारखं लटकायचं म्हणून पाय फाडून घेतलास," त्या म्हणाल्या. "असो. घरात जरा शांतता तरी नांदेल."

त्यानंतरच्या आठवड्यात हेमलताबाईंचे डोळे पिवळे दिसायला लागले. तपासण्यांत यकृताचा कॅन्सर निघाला, तोही सगळीकडे पसरलेला. आता औषधापेक्षा घरच बरं, असं तपासणाऱ्या डॉक्टरांनीच सांगितलं. केतकीचा नवरा सारंग गुजरातच्या समुद्रातल्या पवनचक्क्यांवर इंजिनिअर होता. बदली माणूस आल्याशिवाय त्याला तिथून हलता येत नव्हतं. तो रोज फोनच्या पडद्यावर यायचा, आईशी हसून बोलायचा आणि मग केतकीला म्हणायचा, "तू आहेस म्हणून, नाहीतर..." त्यानं चाकांवर फिरणारं एक सेवायंत्र भाड्यानं पाठवलं. ते औषधं वेळेवर द्यायचं आणि गोड आवाजात "कसं वाटतंय?" असं विचारायचं. हेमलताबाईंनी पहिल्याच दिवशी त्याच्या डोक्यावर टॉवेल टाकला. "हा डबा माझ्या खोलीत आणायचा नाही. कसं वाटतंय ते विचारायला माणूस नाही का घरात?"

होतं. एकच होतं.

दुखणं थांबवणाऱ्या औषधानं हेमलताबाईंना दिवसभर गुंगी यायची, पण झोप कागदासारखी पातळ. भांडं वाजलं की डोळे उघडायचे, आणि डोळ्यांबरोबर दुखणंही जागं व्हायचं. तोंडातून आवाज न काढता त्या चादरीची कड मुठीत धरायच्या. एकदा केतकी पाण्याचा पेला घेऊन आत आली, तिचं पाऊल जरा जोरात पडलं, आणि तिनं ती मूठ पाहिली. त्या दिवसापासून तिनं चाल बदलली.

पायाची बाहेरची कड आधी टेकवायची. टाच टेकवायचीच नाही. अंगठा वर उचलून बाजूला धरायचा, म्हणजे फरशीवर चप्प असा आवाज होत नाही. मग हळूच भार सोडायचा. डाव्या पायाला हे जमत नव्हतं. तो दुखरा, आडमुठा. त्याचा भार ती भिंतीला हात लावून पेलायची. उजवा मात्र नवा होता आणि शहाण्या मुलासारखा ऐकत होता. ओट्यापासून पलंगापर्यंत, पलंगापासून मोरीपर्यंत, सकाळपासून दिवेलागणीपर्यंत. चार दिवसांत तिला त्याकडे लक्षही द्यावं लागेना.

संध्याकाळी शेजारच्या मगदूमकाकू तासभर येऊन बसायच्या आणि केतकी व्यायामशाळेत पळायची. दोराला नमस्कार करायची. आधी खाली बसून नुसता दोर बोटांत धरला. मग उभं राहून. मग एके दिवशी तिनं हातांनी दोर पकडला, उजवा पाय वर घेतला, अंगठा आत दाबला आणि जमिनीवरचा डावा पाय उचलला.

ती लटकली. एका श्वासापुरती असेल, पण लटकली. दोर बोटांत चावत होता आणि ते चावणं तिला ओळखीचं होतं.

"ताई!" तिची विद्यार्थिनी ओवी गादीवरच उड्या मारायला लागली. "ताई, तुम्ही वर आहात!"

केतकी खाली आली आणि दोराला कपाळ टेकून खूप वेळ उभी राहिली. घरी गेल्यावर हे कुणाला सांगावं असा प्रश्न पडला, तेव्हा तिनं ते पालथ्या घातलेल्या कुकरला सांगितलं.

पुढे हेमलताबाईंचं खालावत गेलं. तासाचा अर्धा तास झाला. मग दिवसाआड. मग मगदूमकाकूंच्या नातीचं बारसं आलं, आणि काही दिवस जाणंच झालं नाही. पण गेली तेव्हा केतकीनं जीव ओतून केलं. एवढ्यावर सगळं भरून निघेल अशी तिची खात्री होती, आणि त्या खात्रीवर ती बाकीचे दिवस आनंदानं ढकलत होती.

सहा आठवड्यांनी डॉ. मुजावरांनी तिला यंत्रात पाय ठेवायला सांगितला. पडद्यावर पायाचं चित्र उमटलं. हाडांतून वाहणाऱ्या भाराच्या रेषा त्यात दिसत होत्या.

"सळई बसली," डॉक्टर म्हणाल्या. "अंगठा सरळ. दुखतंय?"

"अजिबात नाही."

"सांधा मोकळा, सूज नाही. आमच्या मोजमापात निकाल उत्तम." पण त्या पडद्याजवळ वाकल्या. "ताई, दोराचा भार अंगठ्याच्या आतल्या अंगाला यायला हवा. त्या रेषा आहेत. या बघा." त्या केसासारख्या बारीक होत्या. "आणि या बाहेरच्या कडेनं एवढ्या जाड कसल्या? अंगठा वर उचलून धरणारे बंध तर असे विणलेत की मी आजवर पाहिले नाहीत. काय करत होतात तुम्ही दिवसभर?"

केतकीनं सांगितलं. सांगता सांगता तिचं तिलाच कळत गेलं.

डॉक्टरांनी टेबलावरची एक जाड दोरी तिच्या बोटांमध्ये दिली. "पकडा."

केतकीनं अंगठा आत दाबला. निदान तिनं तसं मनात आणलं. अंगठा हलकेच वर उचलला गेला आणि दूर सरकला. दोरी खाली पडली.

"मी मन लावून करत होते हो," ती म्हणाली. "आणि ते चालणं, त्यात माझं मनसुद्धा नव्हतं."

"असेल. हाडाला ते कळत नाही." डॉक्टरांनी तिच्या गुडघ्यावर हात ठेवला. "हा आता आपण उघडू शकत नाही. आत काढायला सळईच उरली नाही. पण डावा आहे. त्यालाही लागणारच आहे शस्त्रक्रिया. त्याला दोर शिकवू आपण. एका पायावरही पुष्कळ खेळ होतो, तुम्हालाच माहीत. मोकळ्या व्हाल तेव्हा या."

मोकळ्या व्हाल तेव्हा, याचा अर्थ दोघींनाही कळला होता. त्यामुळे केतकी ओशाळली आणि घाईनं निघाली.

ती घरी आली तेव्हा दुपार होती. मगदूमकाकू दारातच भेटल्या, झोपल्यात म्हणाल्या आणि गेल्या. केतकी खोलीत जाऊन पलंगाशी उभी राहिली. हेमलताबाईंचे डोळे मिटलेले होते. अंग इतकं आटलं होतं की चादर सपाटच वाटत होती. या बाईपायी माझा दोर गेला, असा विचार केतकीच्या मनात आला. तो आल्याची तिला शरम वाटली, पण तो गेला नाही.

"कोण आहे?" हेमलताबाईंनी डोळे न उघडता विचारलं.

"मी, आई."

"कधी आलीस?"

"आत्ताच. तुम्ही झोपा."

"अशी येऊ नकोस गं. भुतासारखी. दचकायला होतं मला." त्यांनी हात चाचपडला. केतकीनं तो धरला. "मी झोपलेली नसते. डोळे मिटून ऐकत पडते. फ्रिज वाजतो. पंखा वाजतो. रस्त्यावरची बस वाजते. तू वाजत नाहीस."

"तुमची झोप मोडू नये म्हणून..."

"झोप कुठे पळून चाललीय? आता झोपायचंच आहे की." त्या थांबल्या. दम लागला होता. "पूर्वी कसं कळायचं मला. आता ही ओट्याशी. आता मागच्या दारी, वाळलेले कपडे काढतेय. आता माझ्याकडे येतेय. महिना झाला, मला वाटतं घरात कुणी नाहीच. तू मला टाकून रोज दोराला जातेस, असंही वाटलं एकदा."

केतकी पलंगाच्या कडेला बसली.

"मग मला वाजू नकोस म्हणून का सांगायचात इतकी वर्षं?"

"तक्रार करायची सवय आहे मला," हेमलताबाई म्हणाल्या. ओठांच्या कोपऱ्यात थोडं हसू आलं. "जरा चाल बघू. पूर्वीसारखी. येऊ दे पलटण."

केतकी उठली. ओट्यापर्यंत गेली आणि वळली. तिनं उजवा पाय उचलला आणि सगळ्या ताकदीनं फरशीवर आपटला. पाऊल बाहेरच्या कडेवर उतरलं, अंगठा वर राहिला, भार हळूच सुटला. आवाज आला नाही. तिनं पुन्हा आपटला. घोटा दुखावला, पण आवाज आला नाही. त्या पायाला आता एवढंच येत होतं. मग तिनं डावा टाकला. धप्प. कळ गुडघ्यापर्यंत गेली. उजवा, काही नाही. डावा, धप्प.

"एकच पाय वाजतोय," आतून आवाज आला.

"एक बरा झालाय, आई."

मग हेमलताबाई म्हणाल्या, "बरं. एक तर एक. थांबू नकोस."

केतकी थांबली नाही. ओट्यापासून मागच्या दारापर्यंत आणि परत, डाव्या पायाची कळ दात आवळून सोसत, ती चालत राहिली आणि रडत राहिली. दोर गेला म्हणून, आणि ज्यासाठी तो घालवला ते कुणी मागितलंच नव्हतं म्हणून. आत हेमलताबाईंचा श्वास हळूहळू लांब झाला. चादरीवरची मूठ उघडली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यांना गाढ झोप लागली होती.

तीनच दिवसांनी त्या गेल्या. सारंग आदल्या संध्याकाळी पोचला होता, तेवढं एक बरं झालं. बारावा-तेरावा झाला, पाहुणे पांगले. एकदा सारंग हॉलमध्ये बसला असताना केतकी आतून आली, आणि तो चमकून वर बघत म्हणाला, "तू अशी का चालतेस? कुणी झोपलंय घरात असं..." आणि मध्येच थांबला. मग तोही समुद्रावर परत गेला.

डॉ. मुजावरांचा निरोप दर महिन्याला येतो. डाव्या पायाची तारीख कधीची घालू? केतकी म्हणते, पुढच्या महिन्याची. डावा आता फार दुखतो. व्यायामशाळेत ओवी हात सोडून उलटी लटकते आणि वरून ओरडते, "ताई, तुम्ही कधी येताय?" केतकी खालून म्हणते, "अंगठा आत दाब." दोराला ती रोज नमस्कार करते. डाव्याला सांगितलं तर तो दोर शिकेल, हे तिला ठाऊक आहे. दोर तिला हवाय, आजही, पूर्वीइतकाच. फक्त तो शिकताना हा वाजणारा पाय काय विसरेल तेही तिला ठाऊक आहे.

संध्याकाळी ती घरी येते. कुलूप काढते, दार लोटते. आत अंधार असतो, फ्रिज वाजत असतो. मग उंबऱ्याशी ती क्षणभर थांबते आणि आत जाताना डावा पाय आधी टाकते, जोरात.